बसून खाणारी

भैरवीच्या आईचं, वनमालाबाईंचं, तिसरं मासिक श्राद्ध शनिवारी झालं. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, पानं उचलली गेली, आणि एरवी संध्याकाळीच परतणारे दोघे भाऊ या खेपेला मुक्कामाला राहिले. तेव्हाच भैरवीच्या लक्षात आलं, की रविवारी काहीतरी बोलणं निघणार.

रविवारी ती नेहमीसारखी पाचला उठली. उठायचं काही कारण उरलं नव्हतं. सहा वर्षं पाचला आईचं अंथरूण बदलायचं असायचं, तिला कुशीवर वळवायचं असायचं. आता मधल्या खोलीतल्या त्या पलंगावर मुकुलदादा घोरत होता. पण डोळे उघडायचे ते उघडायचेच. तिनं पाणी तापवलं, मुरमुरे भिजत घातले, कांदा चिरला. मार्गशीर्षातली थंडी होती. फरशीवर पाय ठरत नव्हते.

साडेआठला सगळ्यांसमोर सुशीलाच्या, फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशा आल्या. मुकुलनं दोनदा घेतला.

"आईच्या हातची चव आहे बघ," तो म्हणाला.

आईनं सहा वर्षांत चुलीपुढं पाऊल टाकलं नव्हतं आणि त्याआधीची दहा वर्षंही फोडणी भैरवीच घालत होती. ती बशा गोळा करायला वाकली तसा मुकुल म्हणाला, "राहू दे ते. हर्षाली करेल. तू बस इथं जरा. बाबांची फाइल काढायचीय."

मुकुल सगळ्यांत थोरला, पन्नाशीचा, सोलापुरात बँकेत. त्याची बायको महेश्वरी आली नव्हती. तिचे गुडघे गेले होते. त्याची मुलगी जाई पुण्यात एका कंपनीत कामाला होती, ती मात्र आजीच्या मासिकाला म्हणून एक दिवसाची रजा टाकून आलेली. धाकटा कैवल्य उमरग्याला औषधाचं दुकान चालवायचा आणि त्याची हर्षाली तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. आपल्या चार वर्षांच्या ओवीला ती माहेरी सोडून आली होती. मधली भैरवी. त्रेचाळीस वर्षांची. ती कुठून आलेली नव्हती, इथंच होती.

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मुकुलनं फाइल उतरवली. त्यांचे वडील बाबूराव पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकून होते. घरातले कागदही ते कचेरीसारखेच ठेवायचे. पानांना क्रमांक, वर विषय, फीत नीट बांधलेली. या फाइलवर त्यांच्या उभट अक्षरात लिहिलं होतं : 'कु. भैरवी. कुटुंब निवृत्तिवेतन.'

"माझ्या नावाची फाइल?" भैरवीनं विचारलं.

"तुझ्यासाठीच करून ठेवली होती त्यांनी," मुकुल म्हणाला. चष्मा लावून तो पानं उलटू लागला. "हे बघ. बाबा गेले तेव्हा पेन्शन आईला लागलं. आता आई गेली. तर ते बंद होत नाही. घरात अविवाहित मुलगी असेल तर तिला लागतं. हयातभर. बाबांनी तुझं नाव खात्याकडं आधीच नोंदवून घेतलंय. आपण फक्त अर्ज करायचा, शपथपत्र जोडायचं, आणि धाराशिवला कोषागारात नेऊन द्यायचं."

"हयातभर म्हणजे?" जाईनं विचारलं.

"म्हणजे ही आहे तोवर. दर नोव्हेंबरात जाऊन दाखला द्यायचा, की मी जिवंत आहे आणि माझं लग्न झालेलं नाही. बास. महागाई वाढेल तसं तेही वाढेल."

"आणि काम?"

"काम कसलं? काम करायचंच नाही. अटच आहे तशी. लग्न करायचं नाही आणि स्वतःची कमाई ठेवायची नाही."

जाईनं हातातला फोन उलटा ठेवला. "काहीच न करता? आत्या, अगं, मी सकाळी आठला निघते ती रात्री नऊला येते. घरी आले तरी लॅपटॉप. आमच्याकडं गेल्या महिन्यात सात जणांना एका मेलनं घरी पाठवलं. मला कुणी सांगितलं ना, की तुला जगण्यापुरतं देतो, नुसती बस, तर मी आज राजीनामा देईन. खरंच देईन."

सगळे हसले. भैरवीही हसली. काय वाटायला हवं ते तिला कळत नव्हतं. आई गेल्यावर पुढं कसं, हा विचार तिनं केला नव्हता असं नाही. बी.ए. होऊन वीस वर्षं लोटली होती. चार वर्षं ती कमानीजवळच्या बालवाडीत शिकवायला जायची, बाबांना झटका आल्यावर ते सुटलं. आता भावांपुढं हात पसरावा लागणार, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. तो हात पसरावा लागणार नव्हता. खांद्यावरचं काहीतरी कुणी अलगद उचलावं तसं तिला क्षणभर झालं.

"अक्का, सही करून टाक," कैवल्य म्हणाला. "आणि सामान बांध. आता इथं एकटी कशाला राहतीस? उमरग्याला चल. ओवीला तुझा लई लळा आहे. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की पोरीला बघायला कोणी नसतं."

"उमरग्याला?" मुकुलनं चष्मा काढला. "ती सोलापूरला येणार आहे. महेश्वरीचं ऑपरेशन ठरलंय जानेवारीत. दोन्ही गुडघे. तीन महिने तिला उठताबसता माणूस लागणार."

"मग बाई ठेव की दादा."

"तू ठेव की, ओवीला."

"माझी कमाई तुझ्याएवढी आहे का? तुला बँकेचा पगार."

"अरे, पैशाचा प्रश्न कुठाय? घरचं माणूस ते घरचं. आणि भैरवीला आजाऱ्याची सवय आहे. बाबांचं केलं, आईचं केलं. तिच्या हाताला गुण आहे."

"सवय आहे म्हणून पुन्हा तेच का? आमच्याकडं आली तर पोरासोरांत तिचा जीव रमेल. आणि हे घर नवरात्रात यात्रेकरूंना देता येईल. वर्षभराचं निघतं."

"घराचं तू ठरवणार?"

भैरवी एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिली. सहा वर्षांत दिवाळीचे दोन दिवस सोडले तर यातला एकही भाऊ इथं सलग राहिला नव्हता. 'थोडे दिवस आमच्याकडं ये, बदल होईल,' असं कुणी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. आज दोघंही तिला न्यायला टपले होते. पेन्शन घेऊन येणार, खाण्याचा भार नाही, वर दोन हात. तिला राग आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो. तिनं फाइल स्वतःकडं ओढली आणि नुसतं काहीतरी करायचं म्हणून पानं उलटू लागली.

शासन निर्णयाची छायाप्रत. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत. तिचे दोन जुने फोटो, पाकिटात. आणि मग बाबांच्या हातचा कच्चा मसुदा, निळ्या शाईतला.

'मी, कु. भैरवी बाबूराव, धंदा निरंक, राहणार तुळजापूर, शपथेवर लिहून देते की, मी अविवाहित असून कोणतेही काम करीत नाही व मला उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही...'

कोपऱ्यात तारीख होती. कागदाच्या चिठोऱ्यावरही तारीख घातल्याशिवाय बाबांना चैन पडत नसे. ११ एप्रिल २०१६.

भैरवीनं ती तारीख वाचली, पुन्हा वाचली. पलीकडं भाऊ नवरात्रातल्या भाड्यावर आले होते.

"दादा," ती म्हणाली. "दोन हजार सोळाच्या एप्रिलात बाबांनी हे लिहिलं?"

"असेल. रिटायर झाल्यावर त्यांना दुसरं काम काय होतं? कागदच करत बसायचे."

"जळकोटचे मास्तर त्या साली अक्षय तृतीयेनंतर, म्हणजे मेमध्ये आले होते."

मुकुलनं फाइलची फीत हातात घेतली.

"कुठले मास्तर?" कैवल्यनं विचारलं. तो तेव्हा औरंगाबादला शिकत होता.

"मला बघायला आले होते," भैरवी म्हणाली. "बायको वारलेली. सहा वर्षांची मुलगी होती बरोबर. मुलीला चहा दिला तर म्हणाली, मला दूध पाहिजे." भैरवीला पुढचंही आठवत होतं. मुलगी परसात तिच्या मागं मागं आली होती आणि मास्तर जाताना दारात म्हणाले होते, आठ दिवसांत कळवतो. त्या आठ दिवसांत भैरवीनं आपली एक निळी साडी रफूला दिली होती. "मग त्यांच्याकडून निरोपच आला नाही. असं बाबांनी सांगितलं. नाही का रे दादा?"

मुकुल फीत बोटाला गुंडाळत होता.

"दादा, तू बघ माझ्याकडं."

"जाऊ दे ना आता. किती वर्षं झाली."

"निरोप आला होता का?"

बाहेर गल्लीतून स्कूटर गेली.

"आला होता," मुकुल म्हणाला. "होकार होता. बाबांनीच नाही कळवलं. मला विचारलं होतं त्यांनी, मी खोटं बोलणार नाही. सोलापूरला मुद्दाम आले होते विचारायला. म्हणाले, दुसरेपणावर द्यायची, दुसऱ्याचं पोर वाढवायचं, आणि तो विनाअनुदानित शाळेतला मास्तर, आज पगार आहे तर उद्या नाही. उद्या त्याचं काही झालं तर ही उघडी पडेल. इथं नवा नियम आलाय. लग्न झालं नाही तर आमच्यामागं हिला मरेपर्यंत बसून खाता येईल. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही. नवरा काय असं देणार आहे?" त्यानं बोटाची फीत सोडली. "त्यांनी तुझ्या भल्याचाच विचार केला गं. मलाही तेव्हा पटलं."

"बसून," भैरवी म्हणाली.

"बाबांनी मला का नाही सांगितलं?" कैवल्य एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "दादा, हे बरोबर नव्हतं. हिला विचारायचं तरी! तुम्ही दोघांनी बसून परस्पर..."

"तू तेव्हा फी भरायला पैसे मागत होतास. तुला कशाला सांगतील?"

"आईला माहीत होतं?" भैरवीनं विचारलं.

"होतं," मुकुल खाली बघून म्हणाला.

शेवटच्या वर्षात आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. भैरवी भात भरवायला बसली की ती विचारायची, "तुझं सासर कुठलं गं बाई?" पहिल्यांदा भैरवी रडली होती. मग ती तोंडाला येईल ते गाव सांगायची. औसा. अणदूर. बार्शी. एकदा ती म्हणाली होती, "जळकोट." आईचा घास तोंडातच थांबला. कितीतरी वेळ तिनं भैरवीकडं बघितलं आणि म्हणाली, "मग बरं झालं. बरं झालं बाई." भैरवीनं तेव्हा तिच्या हनुवटीवरचं शीत पुसलं होतं आणि पुढचा घास केला होता. बरं काय झालं, ते तिनं विचारलं नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

ओट्यावर खरकट्या बशांचा ढीग होता. हर्षाली बाह्या सारून घासत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. नळ बारीक सोडलेला होता. भैरवीनं सवयीनं दुसरी घासणी घेतली. हर्षालीनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"अक्का, त्या पाटावर बसा."

"दोघी मिळून लवकर होईल."

"बसा म्हणते ना."

भैरवी बसली. हर्षाली मोठ्यानं बोलणारी, पटकन तुटून पडणारी. दोघींत कधी फार माया नव्हती. आईच्या आजारपणात ती आली की घड्याळ बघत बसायची, हे भैरवीनं मनात ठेवलेलं होतं.

"तुम्हाला आता वाटत असेल, की नको ते पैसे," पाठमोरीच हर्षाली म्हणाली. "जाई येऊन तेच सांगेल बघा. तरुण आहे, सांगणार. पण मी सांगते, घ्या. मी लॅबमध्ये दहा तास उभी असते. पायाच्या शिरा फुगल्यात. महिन्याच्या शेवटी जे हातात पडतं ते तुमच्या पेन्शनपेक्षा कमी आहे. डॉक्टर उद्या म्हणाला येऊ नको, तर मी काय करणार? तुम्हाला कोणी येऊ नको म्हणू शकत नाही. हे साधं नाही अक्का."

"घेईन गं. घेतलंच पाहिजे."

"आणि दुसरं." हर्षालीनं नळ बंद केला आणि वळली. हाताला साबण तसाच होता. "आमच्याकडं येऊ नका."

भैरवीनं वर बघितलं.

"वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आलात तर मी सुटेन. खरं सांगते, रात्री मला त्याचीच स्वप्नं पडतात, की ओवीला कोणीतरी बघतंय आणि मी कामावरून येऊन आडवी झालेय. म्हणूनच सांगते. मी सुटेन आणि तुम्ही अडकाल. ओवी दहावीला जाईस्तोवर तुमचा पाय निघायचा नाही. हे मी म्हटलं असं ह्यांना सांगू नका." ती परत बशांकडं वळली. "सोलापूरलापण जाऊ नका. तीन महिने म्हणतात. गुडघ्याचं काय तीन महिन्यांत होतंय व्हय?"

भैरवी पाटावर बसून राहिली. कोणीतरी आपल्यासाठी भांडी घासतंय हे बघणं तिला अवघड जात होतं. हात सारखे मांडीवरून उचलले जात होते.

जाई दारात आली. तिचे डोळे लाल होते. "आत्या, तू नको करू सही. त्या कागदासाठी त्यांनी तुझं... मी तर फाडून टाकला असता. असल्या पैशाला हात लावू नकोस. तू आमच्याकडं ये, पुण्याला. आपण तुला काहीतरी काम शोधू. स्वतःचं."

"काम," भैरवी म्हणाली.

तिला पोरीची कणव आली. सकाळी हीच म्हणत होती, नुसतं बसायला मिळालं तर राजीनामा देईन. आणि तेही खोटं नव्हतं, हेही नव्हतं.

"जाई, इकडं ये. बस माझ्याजवळ." जाई जमिनीवर बसली. "माझी दोन वर्षं बाबांच्यात गेली, सहा आईच्यात. त्याआधी घरात होतेच मी. मी दमलेय गं. तुला वाटतं तशी दुःखानं नाही, नुसती दमलेय. मला आता काम शोधायचं नाहीय. मास्तरांचं म्हणशील तर मला त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. मुलगी आठवते. ती आता पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिला कोणीतरी आई मिळाली असेल, नसेल. ते काही कागद फाडून परत यायचं नाही. आणि ज्यासाठी ते गेलं, तेही हातचं घालवू?"

जाईनं आत्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. हर्षालीनं शेवटची बशी पालथी घातली.

बाहेर भाऊ अजून बोलत होते, पण आवाज बदलले होते. भांडता भांडता दोघं एका बाजूला आले होते. भैरवी बाहेर आली तेव्हा मुकुल म्हणाला, "आम्ही असं ठरवलंय. आधी सोलापूर, मार्चपर्यंत. महेश्वरी हिंडूफिरू लागली की मग उमरगा. दोघांचंही होईल. तुझंही मन रमेल."

"झालं ते झालं अक्का," कैवल्य म्हणाला. मघाचा त्याचा राग कुठं विरला होता कोण जाणे. "आता पुढचं बघू."

भैरवीनं फाइलमधून टंकलेलं नवं शपथपत्र घेतलं. मुकुलनं ते सोलापूरहून तयार करून आणलं होतं. मजकूर बाबांचाच, फक्त वय नवं. ती उभ्यानंच वाचू लागली. दोघं वाट बघत राहिले.

"यात लिहिलंय, मी कोणतेही काम करीत नाही," ती म्हणाली.

"ते तसंच लिहायचं असतं."

"शपथेवर लिहायचं असतं ना?"

"हो. का?"

"मग मी तुझ्याकडं येऊन वहिनींचे पाय चोळीन, कैवल्यकडं जाऊन ओवीला सांभाळीन, आणि हेही लिहून देईन, हे कसं जमायचं? बाबांनी खोट्या कागदावर कधी सही केली नाही."

मुकुल हसू लागला, पण ती हसत नव्हती. "अगं, घरातलं काम म्हणजे काम नव्हे. सरकारला त्याच्याशी काय करायचंय?"

"मला माहीतंय सरकारला ते काम वाटत नाही. तुम्हालाही वाटत नाही. मला वाटतं." तिचा आवाज चढला नाही. चढवायला गेली असती तर फुटला असता. "मी सही करते. पेन्शन घेते. पण मी कुठं येणार नाही. इथं राहीन. हे घर यात्रेकरूंना द्यायचं नाही. मी असेपर्यंत नाही. वहिनींना बघायला येईन, एक दिवस, पाहुणी म्हणून. ओवीला सुट्टीत पाठवा, पण तिच्या आईबरोबर."

"आणि इथं एकटी काय करणार तू?" कैवल्यनं विचारलं. तो दुखावला होता. खरोखरच दुखावला होता.

"काही नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"वेड लागेल तुला," मुकुल म्हणाला. "लोक म्हणतील, भावांनी एकटी टाकली."

"म्हणू देत दादा. तू मला मास्तरांचं सांगितलं नाहीस, ते मी लोकांना सांगत बसणार नाही. तेवढं तू हे सोस."

यावर मुकुलनं पेन पुढं केलं. तिनं सही केली. भावांच्या डोळ्यांकडं तिनं बघितलं नाही, आणि त्यांनीही तिच्याकडं नाही. हर्षाली दारातून सगळं ऐकत होती. ती ओवीची इथं राहिलेली स्वेटरं पिशवीत भरायला वळली. भैरवीनंच ती गेल्या थंडीत विणली होती.

दुपारी जेवणं झाली. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी. केलं भैरवीनंच, ते तिला टाळता आलं नाही. चारच्या सुमाराला मुकुलची गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली. जाई मागच्या काचेतून कोपरा येईपर्यंत हात हलवत होती. कैवल्य पाया पडला, पण "येतो" म्हणाला नाही.

*

मंगळवारी देवीचा वार, गावात गर्दी. म्हणून ती बुधवारी निघाली. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला घ्यायला, शपथपत्रावर शिक्के मारून घ्यायला आणखी दोन हेलपाटे झाले. पुढच्या सोमवारी ती धाराशिवच्या कोषागारात खिडकीपुढं उभी राहिली. पुढं नऊ माणसं होती. सगळी म्हातारी, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या. एका आजोबांनी तिला विचारलं, "कुणाचं आणलंय बाळ? वडिलांचं?"

"माझंच," ती म्हणाली. ते चपापून पुढं सरकले.

खिडकीतला कारकून जाईच्या वयाचा होता. त्यानं पानं चाळली आणि एका जागी पेन टेकवलं. "अर्जात व्यवसायाचा रकाना कोरा सोडलाय मॅडम. घरकाम लिहू?"

"नको. निरंक लिहा."

"बायका घरकामच लिहितात."

"शपथपत्रात निरंक आहे. दोन्हीकडं एकच पाहिजे."

त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. कचेरीतला शब्द हिला कसा ठाऊक, असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं तो शब्द लिहिला, पोचपावती फाडून दिली आणि म्हणाला, "दोनेक महिने धरा."

ती बाहेर आली तेव्हा दीड वाजला होता. झालं होतं. बाबांनी नऊ वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम आज पुरं झालं होतं. तिला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. रडू तरी येईल, नाहीतर सुटल्यासारखं होईल. तिला फक्त तहान लागली होती. स्टँडवर तिनं पाण्याची बाटली घेतली आणि लागलेल्या उमरगा गाडीत खिडकीजवळची जागा धरली. तुळजापूरचं बायकांचं अर्धं तिकीट काढलं. उन्हाची तिरीप मांडीवर येत होती. गाडी गावाबाहेर पडली, हरभऱ्याची शेतं लागली, आणि तिचे डोळे कधी मिटले ते तिला कळलं नाही.

ती आठ वर्षांत अशी झोपली नव्हती. पलीकडं कोणी खोकलं तर उठायचं, कोणी हाक मारली तर उठायचं, अशा झोपेची सवय झालेली. या झोपेत काहीच ऐकू आलं नाही. घाट आला, तुळजापूरचा स्टँड आला, माणसं उतरली, चढली, कोणीतरी तिच्या शेजारी पिशवी ठेवून बसलं आणि उतरूनही गेलं.

"ओ बाई! ओ बाई, उठा की!"

कंडक्टर वाकून हाका मारत होता. ती दचकून ताठ झाली. बाहेर अनोळखी दुकानं होती, ट्रकची रांग होती.

"तुमचं तुळजापूरचं तिकीट व्हतं न्हवं? म्या दोनदा वरडलो तिथं. नळदुर्ग आलं हे!"

तीन वाजून गेले, आईची दुपारची गोळी, अंथरूण ओलं झालं असेल, शेजारच्या काकूंना तरी सांगून यायला हवं होतं. हात पर्समध्ये फोन शोधू लागला. फोन हाताला लागला तेव्हा तिला आठवलं.

"घरी वाट बघत असतील," कंडक्टर जरा नरमला. "फोन लावा आन् सांगा, येळ हुतोय म्हणून. परतीची गाडी हितूनच लागती. अर्ध्या अर्ध्या तासाला हाय."

"घरी कोणी नाही," भैरवी म्हणाली.

हे ती तीन महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती. कंडक्टरनं मान हलवली. त्याला काय समजायचं ते समजलं असेल. वरच्या तिकिटाचे पैसे त्यानं मागितले नाहीत. ती खाली उतरली.

स्टँडवर सिमेंटचा बाक होता, ऊन लागून कोमट झालेला. ती तिथं टेकली. झोपेनं अंग जड झालं होतं, गालावर खिडकीच्या गजाचा वळ उमटला होता. समोरच्या हॉटेलात भजी तळत होती. शाळेतल्या मुली घोळक्यानं गेल्या, एकीनं वळून तिच्याकडं बघितलं आणि पुढं गेली.

थोड्या वेळानं तुळजापूरची गाडी लागली. माणसं पिशव्या सावरत धावली, जागेसाठी खिडकीतून रुमाल टाकू लागली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. भैरवी बघत राहिली. गाडी भरली, दार आपटलं, धूळ उडवत वळणावरून निघून गेली.

तिनं चपला काढल्या, पाय बाकावर घेतले आणि पाठ भिंतीला टेकवली. दुसरी येणारच होती.